बाबांच्या कोशात नसलेला मासा

त्या सोमवारी सकाळी मी ऑफिसच्या टी-रूममध्ये चहा करून घ्यायला गेलो आणि दारातच थबकलो. आत दोघं बोलत होते. एक माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा, आणि दुसरी रिसेप्शनवरची बाई. तो आवाज खाली आणून म्हणत होता, "फिशच आहे तो, शंकाच नाही. आणि आलाय त्याच्याच टेबलावरून. बॉस गुरुवारी परत येईल, तोवर कुणाला काही बोलू नकोस."

त्याच्या तोंडून 'फिश' हा शब्द 'फश' असा यायचा. इथं न्यूझीलंडमध्ये सगळ्यांचाच तसा येतो. मी आत पाऊल टाकलं तसे दोघं गप्प झाले. बाई उगाचच सिंक पुसायला लागली. तो "मॉर्निंग!" म्हणाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. मी कपात गरम पाणी ओतून घेतलं आणि बाहेर आलो. टेबलापाशी पोचल्यावर कळलं, की कपात टी-बॅग टाकायचीच राहिली होती.

वेलिंग्टनमधल्या त्या ऑफिसात आम्ही पंधरा-सोळा जण होतो. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपलाइनी आखून द्यायचं आमचं काम. पुण्यात मी हेच काम नऊ वर्षं केलं होतं. पण न्यूझीलंडला आल्यावर पहिलं वर्षभर अप्पर हटच्या एका गोदामात खोकी भरली, तेव्हा कुठं ही नोकरी मिळाली. तिला आठ महिने झाले होते. पर्मनंट रेसिडेन्सीच्या अर्जाला ऑफिसचं पत्र जोडावं लागणार होतं, आणि ते देणं बॉसच्या हातात होतं. त्यामुळे ऑफिसात कुणी हळू आवाजात बोलायला लागलं की माझे कान आपोआप तिकडं वळायचे. आणि 'त्याच्याच टेबलावरून' म्हणजे माझ्याच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तो ज्याच्या समोर बसत होता असा मी एकटाच होतो.

हे २००४च्या आसपासचं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. कराडजवळच्या एका गावात त्यांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. पण खरा इंग्रजी बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला तो वेलिंग्टनच्या विमानतळावर, आणि त्याचं बोलणं ऐकून बाबा मला मराठीत म्हणाले, "याचे स्वर तपासून घ्यायला हवेत."

स्वभावानंच ते संशयी. दूधवाल्यावर, तलाठ्यावर, वर्गात पहिल्या आलेल्या मुलावरसुद्धा त्यांचा संशय असायचा. इथं आल्यावर तो कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यावर, म्हणजे इथल्या किराणा दुकानदारावर, आणि शेजाऱ्यांवर आला. शेजारी कुंपणावरून हात हलवतात ते का, याचा ते गंभीरपणे विचार करायचे. विश्वास होता तो दोनच गोष्टींवर. एक, त्यांचा जाडजूड इंग्रजी कोश, जो कपडे कमी करून त्यांनी बॅगेत आणला होता. आणि दुसरी, खाली सही असलेलं कागदावरचं कुठलंही अधिकृत पत्र.

संध्याकाळी जेवताना मी टी-रूममधलं बोलणं सांगितलं. बायको म्हणाली, "अरे, मासे पकडायला गेला असेल तो शनिवार-रविवारी. इथं सगळेच जातात."

"मासा माझ्या टेबलावरून कसा येईल?"

"मग सरळ विचार ना त्याला."

बाबांनी मात्र ताट बाजूला सारलं आणि कोश आणला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मासा खाल्लेला नाही. मासा आमच्याकडे आला तो फक्त शब्द म्हणून, आणि त्याचं अनेकवचन 'फिश'च होतं की 'फिशेस' यासाठी बाबांच्या छड्या अनेकांनी खाल्ल्या होत्या. चष्मा लावून ते एकेक अर्थ वाचायला लागले. फिशी म्हणजे संशयास्पद. "बघ, आपण म्हणतो पाणी मुरतंय. आपल्याला पाण्याचा संशय, यांना माशाचा." फिश फॉर म्हणजे आडून आडून माहिती काढणं. कोल्ड फिश म्हणजे कोरडा, भावनाशून्य माणूस. फिश आउट ऑफ वॉटर म्हणजे परक्या जागी गुदमरलेला. इथं ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले. मग फिश इन ट्रबल्ड वॉटर्स. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"गढूळ पाण्यात मासे धरणं. म्हणजे दुसऱ्यांच्या गोंधळात आपला फायदा करून घेणं. तुझ्या ऑफिसात पाणी गढूळ कोण करतंय, ते बघ."

"आजोबा, इट्स फश," आमची पाच वर्षांची लेक मध्येच म्हणाली. "यू से इट राँग."

"तू आधी जेव," बाबा म्हणाले.

"तुझ्या त्या समोरच्याबद्दल मला आधीपासूनच शंका होती," ते मला म्हणाले. "दर शुक्रवारी तो तुला विचारतो ना, सुट्टीत काय करणार म्हणून? त्याला काय करायचंय? हे फिशिंगच आहे."

बायकोनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी हसलो नाही, कारण मला ते पटायला लागलं होतं.

मंगळवारी ऑफिसात पोचलो तर माझी ईमेल उघडेना. समोरचा उठून आला. ऑफिसातले कॉम्प्युटरही तोच सांभाळायचा. "पासवर्डची मुदत संपली असेल," तो म्हणाला. "मी बघतोय. एक-दोन दिवस लागतील." बोलताना तो माझ्याकडे न बघता माझ्या कीबोर्डकडे बघत होता. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तू लॅपटॉप वीकेंडला घरी नेतोस ना? तुझ्याशिवाय आणखी कुणी वापरतं का तो?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं होतं ते. मी लॅपटॉप घरी न्यायचो आणि बाबा त्याच्यावर मराठी वर्तमानपत्र वाचायचे. सुरू कसा करायचा, पासवर्ड कुठं घालायचा, हे सगळं मी मोठ्या अक्षरांत त्यांच्या वहीत लिहून दिलं होतं. ऑफिसचं यंत्र घरच्यांनी वापरायचं नाही, असा नियम होता, आणि नोकरीला लागताना त्या कागदावर मी सही केली होती. पण नाही म्हणालो ते केवळ नियमासाठी नाही. हा माणूस गळ टाकतोय असं मला वाटलं, आणि गळाला लागायचं नाही एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

"ओके. स्वीट अ‍ॅज," ठीक आहे अशा अर्थानं तो म्हणाला आणि जाऊन बसला. त्याला ते पटलं नव्हतं, हे मला दिसलं.

त्या दिवसापासून मला सगळीकडे तो शब्द ऐकू यायला लागला. एका सहकाऱ्याचं कंत्राट संपत होतं, त्याला कुणीतरी समजावत होतं, समुद्रात मासे भरपूर आहेत. ट्रेनमध्ये शेजारचा माणूस फोनवर म्हणत होता, मला याहून मोठे मासे तळायचेत, म्हणजे याहून महत्त्वाची कामं आहेत. मला मोठ्या माशांचं काही नव्हतं. मला काळजी होती ती लहान माशाची, जो मी होतो. जेवणाच्या सुट्टीतून परत आलो तर समोरचा माझ्या खुर्चीत बसून माझ्या स्क्रीनवर काहीतरी बघत होता. मला पाहताच उठला. "सॉरी मेट, झालंच होतं."

बुधवारी दुपारी मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. प्रिंटरपाशी माझ्या नकाशाची वाट बघत उभा होतो, तेव्हा आधी कुणीतरी काढलेले दोन कागद ट्रेमध्ये पडलेले दिसले. वरच्या कागदावर माझं ऑफिसच्या ईमेलचं नाव होतं. मी इकडंतिकडं पाहिलं आणि तो वाचला. आकड्यांची लांबलचक यादी होती, मला काही कळली नाही. पण तळाशी हातानं लिहिलं होतं, 'फिश' आणि पुढं प्रश्नचिन्ह. आणि त्या फिशचं स्पेलिंग 'पीएच'नं सुरू होत होतं.

मी कागद होता तसा ठेवला. मग तडक त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. हात खिशात घातले.

"माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर माझ्या तोंडावर बोल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आजूबाजूच्यांनी माना वर केल्या. "इथं नको," तो हळूच म्हणाला. "आणि बॉस परत येईपर्यंत मला बोलता येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव."

विश्वास ठेव म्हणणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हे मला घरात कुणी शिकवलेलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना त्या स्पेलिंगबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांना भीती वाटण्याऐवजी आनंदच झाला. "पीएच? फिशला पीएच? यांच्या शाळांमध्ये शिकवतात तरी काय!" तरी त्यांनी कोश उघडून पाहिला. पानं मागंपुढं चाळली, शेवटच्या पुरवणीतही शोधलं. असा शब्दच नव्हता. कोश त्यांनी नोकरीला लागल्यावर घेतलेला होता. "नाहीच," ते समाधानानं म्हणाले आणि कोश मिटला. "अशा अशिक्षित माणसाला घाबरायचं कारण नाही."

गुरुवारी दहा वाजता बॉसनं बोलावलं. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. बाबांच्या यादीतली कोल्ड फिश म्हणजे हीच असावी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. समोरचाही आत होता, भिंतीशी उभा. तिनं मला बसायला सांगितलं आणि सावकाश समजावलं. रविवारी दुपारपासून माझ्या नावानं गिऱ्हाइकांना आणि नगरपालिकेतल्या लोकांना शेकड्यांनी ईमेल गेल्या होत्या. कसल्यातरी औषधांच्या जाहिरातींच्या. कुणीतरी माझा पासवर्ड फसवून काढून घेतला होता. अशा फसव्या पत्रांना फिशिंग म्हणतात, ती म्हणाली. "पीएचनं," भिंतीजवळून तो म्हणाला.

आज कुणालाही हसू येईल, पण तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी इंजिनिअर होतो पाइपांचा. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मी चोर नव्हतो, मी तर फसवला गेलो होतो. "पण मी कुणालाही पासवर्ड दिलेला नाही," मी ठामपणे म्हणालो.

तिनं एक कागद माझ्यापुढं सरकवला. "हे उत्तर तुझ्या मेलबॉक्समधून गेलंय. रविवारी सकाळी."

पहिली ओळ मी दोनदा वाचली. 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु पॉइंट आउट...' पुढं अतिशय शुद्ध इंग्रजीत लिहिलं होतं, की आपलं पत्र मिळालं. मेलबॉक्स भरत आल्याचं कळवल्याबद्दल आभार. मात्र आपल्या पत्रात तीन चुका आहेत, त्या नम्रपणे निदर्शनास आणून देतो. 'इन्फर्मेशन' या शब्दाचं अनेकवचन होत नाही. 'किंडली' एकाच वाक्यात दोनदा आलं आहे. तिसरी चूक आर्टिकलची. त्याखाली मागितलेली सगळी माहिती क्रमानं भरली होती, पासवर्डसकट. आणि शेवटी, 'माझ्या मुलाच्या वतीनं, जो या क्षणी भाजी आणायला गेला आहे.'

"फार सुंदर इंग्रजी आहे," बॉस म्हणाली. "कुणाचं?"

मी कागदाकडेच बघत राहिलो. मीच लिहिलं असं म्हणता आलं नसतं. तो मुलगा भाजी आणायला गेलेला होता.

"माझ्या वडलांचं," मी म्हणालो.

"आणि तू याला सांगितलंस, की लॅपटॉप दुसरं कुणी वापरत नाही."

"हो."

पुढं तिनं जे केलं ते नियमाप्रमाणंच होतं. लेखी ताकीद. लॅपटॉप घरी न्यायचा नाही. रेसिडेन्सीच्या पत्राचं ती नंतर बघेल. "हा तीन दिवस रात्रंदिवस हे निस्तरतोय," तिनं त्याच्याकडे मान वळवली. "आणि तुझं नाव ऑफिसात खराब होऊ नये म्हणून मी येईपर्यंत थांबू या म्हणाला." तो बुटांकडे बघत होता. मी सॉरी म्हणालो. "नो वरीज," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

बाबांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना ते खरंच वाटलं नाही. हे सगळं त्या समोरच्यानं रचलंय, असंच ते धरून बसले. "पत्रावर तुमच्या ऑफिसचं नाव होतं. खाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अशी सही होती. पत्राला उत्तर द्यायची रीत असते. चोर सही करतो का?"

"करतो, बाबा. हाच तर धंदा आहे."

"आणि इतक्या चुका करून?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "चुका बघूनच मला शंका यायला हवी होती. मी त्या दुरुस्त करत बसलो." आणि खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. बायको ताट घेऊन आत गेली आणि तसंच ताट घेऊन परत आली.

शुक्रवारी सकाळी मी बूट घालत होतो, तर बाबा कोट आणि माकडटोपी घालून दाराशी उभे. "मी येतोय तुझ्याबरोबर."

"बाबा, गरज नाहीये. मिटलंय ते."

"मिटलेलं नाही. शिक्षा तुला झाली, चूक माझी आहे."

मी खूप नाही म्हटलं. खरं सांगायचं तर त्या माकडटोपीसकट त्यांना ऑफिसात न्यायच्या कल्पनेनं मला घाम फुटला होता. पण ते स्टेशनाकडे चालायलाही लागले होते. ट्रेनमध्ये ते ताठ बसून खिडकीबाहेर बघत राहिले. पेटोनी स्टेशनानंतर समुद्र लागला, तरी काही बोलले नाहीत. ओठ मात्र हलत होते. पाठ करत होते ते.

बॉसच्या खोलीत ते बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानंच बोलले. एकही वाक्य अडखळलं नाही. "मॅडम, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा केल्या. ही चूक माझी आहे. माझ्या मुलानं केलेली चूक इतकीच, की त्यानं वडलांवर विश्वास ठेवला. त्याच्या कागदावर त्याऐवजी माझं नाव लिहा."

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "माझ्या वडलांनीही गेल्या वर्षी असंच काहीतरी केलं होतं," ती म्हणाली. "पण त्यांनी व्याकरण तपासलं नव्हतं." मग तिनं स्वतः चहा करून आणला, दुधाचा, दोन चमचे साखर घालून. ताकीद मात्र तिनं परत घेतली नाही. नाव बदलता येणार नाही, असं तिनं त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि बाबांनी मान डोलावली. त्यांना ते आवडलं असावं.

निघताना ते माझ्या समोरच्याच्या टेबलापाशी थांबले. "सर, तो शब्द मला कृपया लिहून द्याल?"

त्यानं एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिला. बाबांनी चिठ्ठी दूर धरून वाचली.

"हा पीएच कुणाच्या परवानगीनं आला?"

तो हसला. बाबा हसले नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "कुणाच्याच नाही, बहुतेक. लोकांनी तसं लिहायला सुरुवात केली."

मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना घरी घेऊन निघालो. गाडी दुपारची, डबा जवळजवळ रिकामा होता.

"माणूस चांगला आहे," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जरा जास्तच चांगला आहे."

लोअर हट गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्यानं तुला विचारलं, लॅपटॉप कोण वापरतं. वडील वापरतात, असं का नाही सांगितलंस?"

"नियम होता, बाबा."

"नियमाला घाबरून, की माझी लाज वाटून?"

"नियमाला," मी लगेच म्हणालो. जरा जास्तच लगेच.

गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे ते ज्या नजरेनं बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण छडी मारली नाही, पुढचा प्रश्नही विचारला नाही. टोपी नीट घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली, आणि परतीच्या वाटेवर ती पुन्हा घातली नाही, बाहेर एवढा गार वारा असूनही.

ऑफिसचं पत्र मला दोन महिन्यांनी मिळालं. आम्हाला रेसिडेन्सीही मिळाली. समोरचा माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागला. पण रिसेप्शनवरच्या बाईला हे त्यानं आधीच का सांगितलं होतं, आणि आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून कधी पुरता गेला नाही. त्याला विचारायचं धाडस झालं नाही. बाबा मार्चमध्ये परत गेले. त्यानंतर आमचं दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. हवा, लेकीची शाळा, औषधं, सगळ्यावर. ट्रेनमधला तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. मी तेव्हा खरं बोललो होतो की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांना बहुधा त्याच दिवशी कळलं होतं.